मुद्देमाल क्रमांक सतरा

चवथीला रुझार बसला होता माझ्या खुर्चीत,
म्हणून नाताळची रात्र माझी.
हा हिशेब कुठल्या रजिस्टरात नाही,
पण चुकत नाही.

त्याच्या मुलीने केलेलं कागदी नक्षत्र
असोळण्याच्या ठाण्याच्या दारात हलतंय,
एक कोपरा उंदरांनी खाल्लेला.
साहेब किनाऱ्यावर बंदोबस्ताला, जीप त्यांच्याबरोबर.
इथे मी, सुलक्षा वेळीप, आणि कोठडीत एक पर्यटक,
ज्याला आपलं हॉटेल आठवत नाही.
अंगात सांताचा डगला, खिशात कुणाची तरी एक चप्पल.

नऊ दहा : केळशीहून फोन, गाणी बंद करा.
नऊ चाळीस : शेजारच्या घरातून फोन, गाणी का बंद केली?
दहा पंचवीस : पुलावर स्कूटर घसरली,
गुडघा फुटला, केक वाचला.
मी सगळं लिहितो.
डायरीला हसू येत नाही.

अकराला इश्पेरांसा कुलासो आली,
नदीच्या बाजूने, चालत,
एका हातात टॉर्च, दुसऱ्यात झाकलेलं ताट.
'हवालदारा, तो आसा मू?'

आहे.
कपाट नंबर दोन, खालचा कप्पा.
जप्त फेणीचे तीन कॅन, एक कोयता,
जुगाराचे पत्ते, आणि त्यांच्यामध्ये तो :
'बाळ येशूची मूर्ती, हस्तिदंती, लांबी एक वीत,
डाव्या पायाची करंगळी तुटलेली, जुनी.'
पंचनाम्यातलं 'जुनी' तिनेच घालायला लावलं.
तिच्या आजेसासूच्या हातून पडला होता म्हणे,
चोराच्या नावावर ते नको.

आरोपी : आग्नेल, फिर्यादीचा पुतण्या.
फिर्याद देताना तिला ठाऊक नव्हतं.
ठाऊक असतं तर सतरा नंबर
दुसऱ्या कशाला तरी लागला असता.
आता मडगावला तारीख पडते, पुन्हा पडते.
बाळ कपाटात, आग्नेल कोलवाळच्या तुरुंगात.
'दोघांकय सोड,' ती दर महिन्याला म्हणते,
जणू दोन्ही चाव्या माझ्याच जुडग्यात.

कोर्टाच्या हुकमाशिवाय मुद्देमाल हलत नाही.
हे मी तिला मराठीत सांगितलं, कोंकणीत सांगितलं,
एकदा हात जोडून सांगितलं.
आज नाही सांगितलं.

पावणेबाराला सुलक्षा उठली. म्हणाली,
'महिनाअखेरीला मुद्देमाल तपासायचा असतो ना?'
महिना संपायला सात दिवस होते.
मी कॅलेंडरकडे पाहिलं नाही.

टेबलावर जुनं वर्तमानपत्र अंथरलं.
गळ्यात सुतळी, सुतळीला लाखेचं सील, पदकासारखं.
इश्पेरांसाने झग्याच्या टोकाने त्याचं कपाळ पुसलं,
मग हाताची मागची बाजू लावून बघितली,
ताप आहे का बघतात तशी.

इगर्जीची घंटा झाली तेव्हा
कोठडीतला सांता उठून उभा राहिला.
टोपी काढली.
कुणी काही गायलं नाही.
वायरलेस खरखरला : 'असोळणा, काय स्थिती?'
'शांत, सर.'

ताटात दोदोल आणि नेवऱ्या,
आमच्या चवथीच्याच, फक्त काठाला मुरड वेगळी.
एक नेवरी तिने कागदात गुंडाळून बाजूला ठेवली.
विचारलं, 'थंय तांकां कितें तरी गोड दितात?'
मी म्हणालो, देतात.
मला माहीत नाही.

शून्य शून्य पंधरा :
मुद्देमाल क्रमांक सतरा तपासला. स्थिती पूर्वीप्रमाणे.

कपाट लावताना दिसलं,
खालच्या कप्प्यात, फेणीच्या कॅनशेजारी,
त्याच्या पाठीखाली मूठभर वाळलेलं गवत.
झग्याच्या खिशातून आणलं असणार.
पंचनाम्यात गवत नाही.
मी पुन्हा एकदा पंचनामा वाचला, गवत नव्हतंच,
आणि किल्ली फिरवली.

शून्य शून्य वीस : केळशीहून फोन.